जुन्या डेस्कटॉपला कुठलं ग्राफिक्स कार्ड चालेल? घेण्याआधी करायची तपासणी

जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास स्लॉटचा येतो. "माझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस २.० चा आहे, कार्ड ३.० चं आहे, चालेल का?" सगळ्या तपासणीत हा प्रश्न सर्वांत सोपा, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर 'हो' असतं. घोडं अडतं ते दुसरीकडे. एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) भार झेपत नाही, कॅबिनेटमध्ये कार्ड मावत नाही, जुना बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कार्डाला ओळखत नाही, किंवा घरातला मॉनिटर जोडायला कार्डावर पोर्टच नसतो.

म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. आधी मशीन काय देऊ शकतं ते कागदावर लिहायचं, मग त्या चौकटीत बसणारं कार्ड शोधायचं. आधी कार्ड पसंत केलं आणि मग मशीन त्याच्या मापाचं करायला गेलं, की एसएमपीएस बदला, मग कॅबिनेट बदला, असं करत खर्च वाढतच जातो.

कागदावर काय काय लिहायचं

मदरबोर्डचं किंवा ब्रँडेड मशीनचं नेमकं मॉडेल, प्रोसेसर, रॅम, विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिट आहे की ६४, बायोसची आवृत्ती व तारीख. हे सगळं मशीन न उघडता मिळतं. विंडोजच्या स्टार्ट मेन्यूत 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा. पहिल्याच पानावर यातल्या बहुतेक गोष्टी दिसतात. सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर टाकलं तर त्याच्या 'मेनबोर्ड' टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणखी स्पष्ट मिळतं. मॉडेल हाती आलं की त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या. ब्रँडेड मशीन असेल तर सर्व्हिस मॅन्युअल शोधा, कारण स्लॉटला किती वॉट मिळतात आणि आत जागा किती आहे, हे अनेकदा त्यातच लिहिलेलं असतं.

यानंतर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो, स्लॉटांचा फोटो, एसएमपीएसमधून निघणाऱ्या मोकळ्या केबलींचा फोटो आणि मॉनिटरच्या मागच्या पोर्टांचा फोटो असे चार फोटो काढून ठेवा. पुढची जवळपास सगळी तपासणी या चार फोटोंवरून होते.

एसएमपीएस: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. पहिली वाट स्लॉटची. पूर्ण आकाराच्या एक्स१६ स्लॉटमधून कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉट घेऊ शकतं, आणि त्यातलेही साधारण ६६ वॉट १२ व्होल्टच्या लाइनवरून येतात. दुसरी वाट एसएमपीएसमधून थेट कार्डाला येणाऱ्या केबलची. ६ पिनचा कनेक्टर ७५ वॉटसाठी असतो, ८ पिनचा १५० वॉटसाठी. म्हणजे वर कनेक्टर नसलेलं कार्ड ७५ वॉटच्या आत असणार, ६ पिनचं १५० च्या आत आणि एक ८ पिन असलेलं २२५ च्या आत. कार्डाची भूक ओळखायची ही झटपट खूण आहे.

आता एसएमपीएसच्या स्टिकरकडे या. वर मोठ्या अक्षरांत छापलेला ३०० किंवा ४५० हा आकडा सर्व व्होल्टेजची मिळून बेरीज असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. म्हणून तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. जुन्या किंवा अगदी स्वस्तात बनवलेल्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ व्होल्टवर बरीच ताकद दाखवलेली असते आणि १२ व्होल्टवर फारच कमी. तिथे मोठा आकडा दिशाभूल करतो. काही स्टिकरांवर १२ व्होल्टच्या दोन लाइनी वेगवेगळ्या दाखवतात. त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नका. शेजारी किंवा खाली दोन्ही लाइनींची मिळून कमाल मर्यादा वॉटमध्ये दिलेली असते, तीच खरी.

एक हिशेब करून पाहू. समजा स्टिकरवर ३०० वॉट लिहिलं आहे आणि १२ व्होल्टवर २२ अँपिअर. २२ गुणिले १२ म्हणजे २६४ वॉट. एसएमपीएस जुना आहे, आतले कपॅसिटर काळानुसार कमजोर होतात, म्हणून मी ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही; म्हणजे हाताशी साधारण २११ वॉट. मशीनमध्ये कोअर आय५-४५७० आहे, त्याचे ८४ वॉट. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि पंखे यांचे मिळून ढोबळ ४० धरा. उरले ८७. यात ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० बसतं, ७० वॉटचं ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० बसतं. १२० वॉटचं जीटीएक्स १०६० बसत नाही. ते कदाचित सुरू होईल, दोन दिवस चालेलही, पण ऐन खेळात मशीन धाडकन बंद पडायला लागेल.

वॉट पुरत असले तरी कनेक्टर आहे का, हा वेगळा प्रश्न राहतोच. ब्रँडेड ऑफिस मशीनमधल्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची ६ पिनची केबल बहुतेक वेळा नसतेच. इथे एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो: साटा पॉवरच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलला कन्व्हर्टर लावून कार्डाला ६ पिन देऊ नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. त्यातून ७५ वॉट ओढले की पिना तापतात. मी स्वतः हे एकदा केलं होतं. काही आठवडे सगळं सुरळीत होतं, मग एका संध्याकाळी जळकट वास आला. झाकण उघडलं तर कनेक्टरचं प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलेलं. कार्ड वाचलं, पण ते नशीब होतं. दोन मोलेक्स कनेक्टर (जुन्या डिस्कसाठीचे ४ पिनचे) एकत्र करून ६ पिन देणारा कन्व्हर्टर त्यापेक्षा बरा, तोही दोन्ही मोलेक्स वेगवेगळ्या वायरींवरून घेतले तरच. एसएमपीएसलाच मुळात ती केबल नसेल तर उत्पादकाने त्याला असं कार्ड झेपेल हे गृहीतच धरलेलं नाही, असा अर्थ घ्यावा. अशा मशीनला कनेक्टर नसलेलं कार्डच घ्या.

एसएमपीएस बदलायचा विचार असेल तर आधी दोन गोष्टी पाहा. पहिली, बोर्डाला येणारा मुख्य कनेक्टर २४ पिनचा आहे का. अनेक ब्रँडेड मशीनमध्ये तो ६, ८ किंवा १० पिनचा, त्या कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिथे सरळ जोडता येत नाही. दुसरी, एसएमपीएसचा आकार. सडपातळ कॅबिनेटमध्ये लांबट टीएफएक्स किंवा आणखी वेगळ्याच आकाराचा डबा असतो आणि तिथे नेहमीचा एटीएक्स मावत नाही.

नवा मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा एसएमपीएस घेतला तर केबली त्याच्याच वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याच्या सॉकेटमध्ये बसली तरी आतली पिनांची जुळणी वेगळी असू शकते, आणि चूक झाली तर कार्ड, बोर्ड, डिस्क काहीही जळू शकतं. प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि कार्डाची ८ पिनची केबल दिसायला सारख्या असतात, पण एक नाहीत. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ अधिक २ अशी. जोर लावून घुसवायची वेळ आली तर थांबा. केबल चुकीची आहे.

जागा: तीन मापं, आणि एक सहज विसरलं जाणारं

कॅबिनेटच्या मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोर पहिला अडथळा येतो तिथपर्यंत मोजा. हा अडथळा बहुधा हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. आलेल्या मापातून एक-दोन सेंटीमीटर वजा करा, कारण कार्ड आत घालताना तिरकं धरावं लागतं. एका पंख्याची छोटी कार्डं १७ सेंटीमीटरच्या आसपास असतात, दोन पंख्यांची २० च्या पुढे, आणि मोठी ३० सुद्धा ओलांडतात.

दुसरं माप जाडीचं. एक स्लॉट म्हणजे साधारण २ सेंटीमीटर. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डांचे बहुतेक प्रकार दोन स्लॉट व्यापतात. एक्स१६ स्लॉटच्या खालची जागा मोकळी आहे का ते पाहा. काही छोट्या कॅबिनेटमध्ये हा स्लॉट अगदी कडेला, एसएमपीएसच्या अंगाला चिकटून असतो. तिथे एका स्लॉटचंच कार्ड जातं.

तिसरं उंचीचं. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी १२ सेंटीमीटरची असते, लो प्रोफाइलची ८ च्या आसपास. सडपातळ कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइलशिवाय पर्याय नाही. त्यात जीटी १०३०, आरएक्स ६४००, जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० यांचे लो प्रोफाइल प्रकार मिळतात. वापरलेलं कार्ड घेताना बुटकी पट्टी सोबत आहे का हे आवर्जून विचारा. कार्ड बुटकं असून पट्टी उंच असेल तर कॅबिनेटचं झाकण लागणार नाही.

आणि विसरलं जाणारं माप म्हणजे केबलच्या वळणाचं. कार्डावर कनेक्टर वरच्या कडेला असेल तर प्लग आणि केबलचं वळण यांना मिळून तीनेक सेंटीमीटर लागतात. अरुंद कॅबिनेटमध्ये कार्ड बसतं, पण झाकण केबलवर दाबून बसवावं लागतं. बोर्डावरचे साटाचे पोर्ट कार्डाच्या खाली झाकले जातात का, हेही याच वेळी बघून घ्या; छोट्या बोर्डांवर हे सर्रास घडतं.

ब्रँडेड छोट्या मशीनबद्दल आणखी एक. वर ७५ वॉट म्हटलं ती स्लॉटची कमाल मर्यादा. काही सडपातळ मॉडेलांच्या कागदपत्रांत स्लॉटला त्याहून बरीच कमी मर्यादा दिलेली असते. तसं लिहिलेलं सापडलं तर ते माना. १९ वॉटचं जीटी ७१० किंवा ३० वॉटचं जीटी १०३० अशा ठिकाणी निर्धास्त चालतं.

स्लॉट

२००४ च्या आधीच्या मशीनमध्ये एजीपी स्लॉट असेल तर हा लेख तिथेच संपतो. आजची कार्डं त्यात बसत नाहीत. लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर पिढ्यांची काळजी सोडा. ४.० चं कार्ड २.० च्या स्लॉटमध्ये बसतं आणि २.० च्या वेगाने चालतं. उलटही तसंच.

इथे खरी मेख लेनच्या, म्हणजे स्लॉटमधून माहिती ये-जा करायच्या समांतर वाटांच्या संख्येत आहे. एका लेनचा वेग १.० मध्ये सेकंदाला २५० एमबी, २.० मध्ये ५०० एमबी, ३.० मध्ये जवळपास १ जीबी आणि ४.० मध्ये जवळपास २ जीबी असतो. १६ लेनचं कार्ड २.० वर चाललं तरी ८ जीबी मिळतात, आणि मधल्या वर्गातल्या कार्डाला ते पुरतात. पण काही नव्या स्वस्त कार्डांनी लेन कमी केल्या आहेत. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या दोघांना फक्त ४ लेन आहेत. ४.० च्या बोर्डावर त्यांना ८ जीबीचा रस्ता मिळतो, ३.० वर ४ जीबीचा, २.० वर फक्त २ जीबीचा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की पोत आणि चित्रं मुख्य रॅममधून या अरुंद रस्त्याने आणावी लागतात आणि खेळ अडखळतो. म्हणून २.० च्या बोर्डावर मी १६ लेनचं जीटीएक्स १६५० किंवा जीटीएक्स १०५० टीआय सुचवेन, जरी कागदावर आरएक्स ६५०० एक्सटी अधिक वेगवान दिसत असलं तरी. तसंही त्या कार्डाला १०७ वॉट लागतात आणि वेगळी केबलही.

स्लॉट लांब दिसतो म्हणून तो १६ लेनचाच असतो असं नाही. अनेक बोर्डांवर खालचा लांब स्लॉट आतून ४ लेनचाच असतो. कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटमध्ये घालायचं. रायझन ३ २२००जी किंवा ३२००जी सारखे ग्राफिक्ससहित प्रोसेसर कार्डाच्या स्लॉटला ८ लेनच देतात. तिथे १६ ऐवजी ८ दिसल्या तर तो बिघाड नाही.

बायोस आणि यूईएफआय

काळ्या पडद्याच्या तक्रारींपैकी सर्वांत गोंधळात टाकणाऱ्या इथून येतात. मशीन सुरू होतं, पंखे फिरतात, पडदा कोराच.

मशीन चालू झाल्यावर विंडोज यायच्या आधी पडद्यावर काही उमटण्यासाठी बोर्डाच्या फर्मवेअरला कार्डावरच्या छोट्या प्रोग्रॅमची भाषा कळावी लागते. जुना बायोस एक भाषा बोलतो, त्याच्या जागी आलेलं यूईएफआय दुसरी. २०१२ च्या सुमारास, विंडोज ८ आलं तेव्हापासून, यूईएफआय सर्वत्र रुळलं. त्या काळातल्या आणि नंतरच्या बहुतेक कार्डांमध्ये दोन्ही भाषा असतात, म्हणून बरीच जुनी मशीन नव्या कार्डासह बिनबोभाट चालतात. अडचण दोन टोकांना येते. एक, अगदी जुनं कार्ड जे फक्त बायोसची भाषा जाणतं, ते सीएसएम (यूईएफआयमधली जुन्या बायोससारखं वागायची सोय) बंद असलेल्या यूईएफआय मशीनमध्ये घातलं की पडदा कोरा राहतो. दोन, जुन्या बोर्डाचा बायोस अपडेट केलेला नसला की नव्या कार्डाला बघून तो अडकून बसतो.

सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' या ओळीत 'लेगसी' दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. ती ओळ विंडोज कुठल्या पद्धतीने सुरू झालं एवढंच सांगते. बोर्ड यूईएफआयचा असून विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असू शकतं. अशा मशीनवर सीएसएम बंद केलं तर विंडोजच सुरू होणार नाही, तेव्हा तो पर्याय उगाच हलवू नका.

करायचं काम असं: बोर्डाच्या किंवा मशीनच्या उत्पादकाच्या सपोर्ट पानावर सर्वांत नवा बायोस कुठला ते पाहा. नोंदींमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या सुसंगतीबद्दल काही लिहिलं असेल तर अपडेट कराच. आणि तो कार्ड घालण्याआधी, जुनं कार्ड किंवा बोर्डावरचं ग्राफिक्स चालू असताना करा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम मी करत नाही.

इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी मी सरळ बाजूला ठेवतो. त्यांना रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय हवी असते आणि इंटेलने त्यांच्यासाठी स्वतःचे दहाव्या पिढीचे किंवा त्यापुढचे प्रोसेसर सांगितले आहेत. ती सोय नसली तर कामगिरी फार घसरते.

विंडोज आणि ड्रायव्हर

३२ बिट विंडोज असेल तर आधी ते बदला. एनव्हिडिया आणि एएमडी या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी ३२ बिटसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबवले. विंडोज ७ वर एनव्हिडियाचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ पर्यंतच आले, म्हणजे त्यानंतर आलेल्या कार्डांना तिथे थारा नाही.

वापरलेलं कार्ड घेताना त्याची पिढी पाहा. जीटी ७१० आणि जीटी ७३० चे बहुतेक प्रकार ही केप्लर पिढीची कार्डं. तिचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ९०० व १००० मालिका आणि जीटीएक्स ७५० टीआय, यांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत. जुने खेळ, व्हिडिओ आणि ऑफिसचं काम यांना याने काही फरक पडत नाही. नवे खेळ खेळायचे असतील तर पडतो, आणि मग जीटीएक्स १६५० किंवा त्यापुढचं पाहावं. लिनक्स वापरणाऱ्यांना एएमडीची कार्डं सोयीची, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो.

मॉनिटरचा पोर्ट

जुन्या मशीनसोबत अनेकदा मॉनिटरही जुना असतो, मागे फक्त निळा व्हीजीए पोर्ट. एनव्हिडियाने २०१६ च्या १००० मालिकेपासून ॲनालॉग सिग्नल देणं बंद केलं. या कार्डांवर डीव्हीआय पोर्ट दिसला तरी तो डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल असतो. ओळखायची खूण: आडव्या पात्यासारख्या खाचेभोवती चार छोटी छिद्रं असतील तर त्यातून ॲनालॉग सिग्नल मिळतो, नसतील तर नाही. साधा, आत सर्किट नसलेला डीव्हीआय ते व्हीजीए तुकडा तिथे उपयोगाचा नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

यातूनच बनावट कार्ड पकडायची एक युक्ती मिळते. 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकायला ठेवलेल्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला तर ते कार्ड बनावट समजा. फर्मी पिढीची जुनी कार्डं नाव बदललेला बायोस टाकून अशी विकली जातात. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या अशा कार्डांच्या नावाआधी बनावट असल्याची सूचना दाखवतात, म्हणून वापरलेलं कार्ड शक्यतो चालू मशीनवर पाहूनच घ्या.

प्रोसेसरला झेपेल तेवढंच

कार्ड सुरू होणं आणि कार्डाचा उपयोग होणं यांत अंतर आहे. दोन कोअरच्या जुन्या प्रोसेसरसोबत दमदार कार्ड घातलं तर कार्ड अर्धा वेळ रिकामं बसतं. काही नवे खेळ तर प्रोसेसरला एव्हीएक्स सूचना (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करायच्या आज्ञा) कळत नसतील तर सुरूच होत नाहीत, आणि त्या इंटेलच्या २०११ मधल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांपासून आल्या. त्याआधीच्या मशीनवर खेळांसाठी कार्ड घेणं मला पटत नाही. रॅम ४ जीबी असेल तर आधी ती ८ किंवा १६ करा, आणि शक्यतो एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावा.

काम फक्त दोन मॉनिटर चालवणं आणि व्हिडिओ बघणं एवढंच असेल तर छोटं कार्ड पुरतं, पण कुठलं ते महत्त्वाचं. जीटी ७१० आणि केप्लरचं जीटी ७३० यांना व्हीपी९ व्हिडिओ (यूट्यूबवर वापरला जाणारा एक प्रकार) स्वतः उलगडता येत नाही. तो भार पुन्हा प्रोसेसरवरच पडतो. जीटी १०३० ला तो येतो. व्हिडिओ रेकॉर्ड किंवा एन्कोड करायचे असतील तर मात्र जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० दोन्ही टाळा, कारण दोघांतही एन्कोडर नाही.

आणि नावावर विसंबू नका. जीटी १०३० हेच नाव दोन कार्डांना आहे: एक जीडीडीआर५ मेमरीचं, सेकंदाला ४८ जीबी वेगाचं, दुसरं साध्या डीडीआर४ चं, सुमारे १७ जीबीचं. आरटीएक्स ३०५० ची ८ जीबीवाली मूळ आवृत्ती १३० वॉट मागते आणि तिला केबल लागते, तर ६ जीबीवालं ७० वॉटचं बहुतेक प्रकारांत केबलशिवाय चालतं. जीटीएक्स १६५० चे काही प्रकार ६ पिनसह येतात, काही त्याशिवाय. म्हणून चिपचं नाव नाही, त्या विशिष्ट कार्डाचं पूर्ण मॉडेल घ्या आणि त्याच्या उत्पादकाच्या पानावर लांबी, जाडी, कनेक्टर आणि पोर्ट कागदावरच्या नोंदींशी जुळवून पाहा.

बसवताना

आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढा. कार्डांची कंपनी बदलत असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या सॉफ्टवेअरने पूर्ण साफ करा. मशीन बंद, मागचं बटण बंद, केबल काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच कार्ड हातात घ्या.

मागची पट्टी काढून कार्ड स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब देत बसवा. टोकाची खिट्टी टक आवाज करून बसली पाहिजे. स्क्रू लावा. कनेक्टर असेल तर पॉवर केबल जोडा. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावा. ही केबल जुन्याच जागी राहून जाते आणि लोक कार्ड खराब म्हणून परत करतात.

पडदा कोरा राहिला तर घाबरून एकदम सगळं उचकटू नका. क्रमाने जा. कार्ड काढून पुन्हा बसवा. पॉवर केबल तपासा. दुसरा पोर्ट, दुसरी केबल लावून पाहा. मग कार्ड काढा, बोर्डाच्या ग्राफिक्सवर मशीन सुरू करा, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले 'पीईजी' किंवा 'पीसीआय एक्सप्रेस' करा आणि कार्ड परत घाला. तरीही नाही झालं तर बोर्डावरची गोल बॅटरी काही मिनिटं काढून बायोस मूळ स्थितीवर आणा; पण त्याआधी सध्याच्या सेटिंगचे फोटो काढलेले असू द्या, विशेषतः डिस्क आणि बूट मोडचे. शेवटची पायरी म्हणजे हेच कार्ड दुसऱ्या चालू मशीनमध्ये घालून बघणं. तिथे चाललं तर दोष तुमच्या मशीनच्या बायोसमध्ये किंवा एसएमपीएसमध्ये शोधायचा.

चित्र आलं आणि ड्रायव्हर टाकून झाला की जीपीयू-झेड उघडा. 'बस इंटरफेस' या ओळीत '@' या चिन्हाच्या डावीकडे कार्डाची क्षमता असते, उजवीकडे सध्या मिळणारा वेग. कार्ड रिकामं असताना उजवीकडे १.१ दिसणं साहजिक आहे, कारण वीज वाचवायला ते वेग कमी करतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी चालवा, आकडा वर जायला हवा. लेन १६ ऐवजी ४ किंवा १ दिसल्या तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे.

मग एखादा जड खेळ किंवा चाचणी अर्धा तास चालू ठेवा, 'सेन्सर्स' टॅबवर तापमान बघत. मशीन काहीही न सांगता एकदम बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं तर संशय एसएमपीएसवर घ्या. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे आले तर कार्डाच्या मेमरीवर. तापमान सतत ८५ अंशांच्या वर राहत असेल तर कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा लावा, कार्डाशेजारचा स्लॉट मोकळा ठेवा आणि चाचणी पुन्हा घ्या.